पट्टा बांधू नये

शिळफाट्याजवळच्या एका भाताच्या गिरणीत मी बावीस वर्षं मुकादम होतो. हमालांवर ओरडायचं आणि लॉरी वेळेवर भरून लावायची, एवढंच माझं काम, आणि ते मी चोख केलं. माझ्या हाताखालून साठ-सत्तर हमाल गेले. त्यातल्या एकाबद्दल सांगतो, कारण त्याचं मी वाटोळं केलं.

धर्माजी कुंभिवलीचा. अंगानं किडकिडीत, पण पाठीवर पोतं घेऊन लॉरीच्या फळीवर चढायचा तेव्हा फळी वाजायची नाही. आमच्याकडे एक रीत होती. नवा हमाल आला की पहिल्या दिवशी मुकादमानं त्याची कंबर बांधायची. सात हात लांब कापड, पाठीला गुडघा लावून खेचायचं, त्याच्या तोंडून 'हुं' निघेपर्यंत. मग दम कोंडून पोतं घ्यायचं. कंबर जितकी घट्ट तितका हमाल पक्का, असं मला माझ्या आधीच्या मुकादमानं शिकवलं होतं आणि मी ते डोळे मिटून पुढे चालवलं.

अडुसष्ट साली दसऱ्याच्या आधी धर्माजीची पाठ धरली. वाकला तो सरळच होईना. मी स्वतः त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी अगदीच दगड नव्हतो असं तुम्हाला वाटेल.

तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी धर्माजीला उताणा झोपवला, गुडघे दुमडायला लावले आणि कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला पोटावर दोन बोटं टेकवली. "पोट आत ओढू नका, फुगवूही नका. कुणी हलकेच गुद्दा मारणार आहे असं समजा आणि जरासं घट्ट करा. आता मोठ्यानं दहापर्यंत मोजा." मोजता आलं नाही तर समजायचं, दम कोंडलाय. मग त्याला हातागुडघ्यांवर ओणवा करून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणायला लावला. पाठीवर भरलेला तांब्या ठेवला तरी सांडता कामा नये, म्हणाल्या. क्विंटलचं पोतं वाहणारा गडी पाच मोजेपर्यंत लटपटायला लागला. मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही बाहेरून बांधता तो पट्टा याच्या आत जन्मापासून आहे," त्या मला म्हणाल्या. पोटाच्या खोल थरात एक आडवा स्नायू कमरेला वेढून असतो. मागे मणक्यांना धरून बारीक स्नायू, वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ. आपण हात उचलायच्या जरा आधीच ही सगळी मंडळी मिळून घट्ट होतात आणि कणा सांभाळतात. पाठ दुखली की ती उशिरा जागी होतात, म्हणून त्यांना पुन्हा वळण लावायचं. जोर फार नको, वेळेवर हवा, आणि श्वास चालू हवा. वरून कापड आवळलं की आतली माणसं कामचुकार होतात. हे शेवटचं मला माझ्या भाषेत समजावं म्हणून त्या तसं म्हणाल्या.

त्यांनी एक कागद लिहून दिला. धर्माजीला अक्षरओळख नव्हती. बाहेरच्या बाकावर मी तो वाचून दाखवला. कागदावर होतं, सहा आठवडे ओझं उचलू नये, पट्टा बांधू नये. मी वाचलं, "चार आठवडे ओझं उचलू नये." पट्ट्याची ओळ वाचलीच नाही. पाचव्या आठवड्यात नवं भात येणार होतं, आणि त्याच्यासारखा फळीवर चढणारा दुसरा गडी माझ्याकडे नव्हता. बस, एवढंच कारण. धर्माजीनं कागदाची घडी करून टोपीत ठेवली आणि मला चहा पाजला.

तो रोज दुपारी गिरणीत येऊन रिकाम्या पोत्यांवर ओणवा व्हायचा. हमाल त्याला बैल म्हणायचे, मीही म्हणायचो. पण चौथ्या आठवड्यात तो खणखणीत आवाजात दहा मोजायला लागला होता. पाठ जराही हलायची नाही.

पाचव्या आठवड्यात लॉऱ्या लागल्या. मी कापड घेऊन उभा राहिलो.

"मुकादम, आतून अजून ढिलं वाटतंय," तो म्हणाला. "कागदात काय लिवलंय?"

"चार. झाले की चार! नाटकं करू नकोस."

पाठीला गुडघा लावून मी कापड खेचलं. तिसऱ्या पोत्याला, फळीच्या मध्यावर, तो खाली बसला. ओरडलासुद्धा नाही. त्यानंतर त्यानं कधी पोतं उचललं नाही. डावा पाय ओढत चालायचा. त्याची बायको गोदा लोकांच्या शेतावर राबायला लागली. पुढे कुंभिवलीवरून एसटी जायची तेव्हा मी पलीकडच्या खिडकीकडे तोंड फिरवून बसायचो.

त्याच्या बातम्या मात्र येत राहिल्या. व्यायाम त्यानं सोडला नव्हता. दोन वर्षांत परसात भाजी लावण्याइतका सावरला. लावणी करून कंबर धरलेल्या बायका त्याच्याकडे जायच्या, तो त्यांना ओणवं करून मोजायला लावायचा.

एक्याऐंशी साली विहिरीवर बादली उचलताना माझी पाठ गेली. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. मी महिनाभर टाळलं. शेवटी चपला घालायला वाकता येईना तेव्हा गेलो.

त्यानं मला सतरंजीवर ओणवं केलं. एक तळवा पोटाखाली, एक कमरेवर. "उजवा हात फुडं, डावा पाय मागं. मोजा."

मी पोट घट्ट केलं आणि दम कोंडून मनातल्या मनात मोजायला लागलो.

"मोठ्यानं मुकादम. दम कोंडू नका. कायबी बोला, पन बोला."

"एक," मी म्हणालो. "दोन." आणि तीनच्या जागी भलतंच निघालं. "धर्माजी, कागदावर सहा होते रं. मी चार वाचले. पट्टा बांधू नये असंही होतं."

पोटाखालचा त्याचा तळवा हलला नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "मैना चवथीत गेली तवा तिनं वाचून दावला."

मैना त्याची लेक. म्हणजे दहा वर्षं याला माहीत होतं. मला लाजेनं वर बघवेना, आणि ओणव्या माणसाला तशी सक्तीही नसते.

"मग कधी बोलला का नाहीस? शिव्या तरी द्यायच्यास!"

"तुमी बोलाल म्हून थांबलो व्हतो."

मी रडत होतो, पण पाठ सरळ होती, कारण त्यानं ती धरून ठेवली होती.

"आता दुसरा पाय," धर्माजी म्हणाला. "आनि सा आठवडे हां. एकबी कमी नाय."