डोळ्यामागची गाठ

नव्वदच्या दशकात वाशीत माझा डोळ्यांचा दवाखाना होता. दिघ्याची एक बाई यायची. तिचा उजवा डोळा महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर येत चालला होता. मी स्कॅन करायला सांगितला. तो घेऊन ती नवऱ्याबरोबर आली, त्या दिवशी मागोमाग तिचे दोघे भाऊ आले, साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. नवऱ्यानेच डोळा फोडला असं धरून त्यांनी त्याला माझ्या दारातच लाथांनी तुडवला. त्याचा एक दात फरशीवर पडला.

"दवाखाना आहे की खाटीकखाना?" मी ओरडलो आणि स्कॅनची फिल्म त्यांच्या तोंडासमोर धरली. "डोळ्याच्या मागे गाठ आहे, गाढवांनो! फार क्वचित होते अशी. मारामुळे होत नाही. ऑपरेशन करावं लागेल."

थोरला नवऱ्याच्या पायाशी वाकला. "दाजी, चुकलं आमचं."

नवरा रक्त पुसत ताठ बसला. मी तिला आतल्या खोलीत तपासायला घेतलं. दार लागल्यावर ती हळूच म्हणाली, "डोळ्यावर कधीच न्हाई मारलं त्यांनी, डॉक्टर. दिसंल तिथं मारतच न्हाईत."