पालथ्या विटा

“इट पालथीच घालावी,” हे कृपादान आबांचं ठरलेलं बोलणं. सोनईच्या शिवारात कुठं बांधकाम निघालं की आबा तिथं जाऊन हे सांगणार आणि गवंडी हसणार. विटेची खोलगट बाजू वर ठेवावी, म्हणजे तिच्यात मातीचा गारा धरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आबांनी तरुणपणी आपल्या हातानं बांधलेलं घर सगळं पालथ्या विटांचं.

“आबा, तुमचं घर डोक्यावर उभं हाय,” गवंडी म्हणायचे.

“पडलं का अजून?” आबा विचारायचे.

आता त्यांच्या नातवाला, नोहाला, नाताळच्या आत स्लॅबचं घर काढायचं होतं. त्याची बायको प्रार्थना श्रीरामपूरची. गळक्या कौलांखाली बादल्या मांडून तीही कंटाळली होती. आबा नको म्हणाले नाहीत. फक्त दारात जेसीबी आला त्या सकाळी ते छोटी पहार घेऊन ओट्याची भिंत उकलायला बसले.

“आबा, दुपारपर्यंत यंत्र सगळं सपाट करील. तुमी कशाला झिजताय?” नोहा म्हणाला.

“करू दे. मला थोड्या अख्ख्या पायजेत.”

“जुन्या इटांचं काय लोणचं घालायचं?”

आबांनी पहार पुढच्या सांध्यात घातली.

प्रार्थना चहा घेऊन आली. आबांनी काढून ठेवलेली एक वीट तिनं उचलली, खालची माती झटकली. खोलगट बाजूत तीन बोटं उमटलेली. तिनं आपली बोटं ठेवून पाहिली. अलगद बसली.

“ही कुणाची, आबा?”

“दीनाची. तुज्या आजेसासूची.” आबांनी बशीत चहा ओतला. “भट्टी चार घरांत मिळून हुती. इटा मिसळू नयेत म्हणून जो तो आपली खूण करायचा. कुनी काडीनं रेघ ओढी. मी इट थापायचो, ती बोटं टेकवायची.”

“मग पालथ्या का घातल्या?”

“वर गारा टाकून थापी आपटावी लागती, पोरी. तिच्या बोटांवर कशी आपटू?”

दीनाला प्रार्थनानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मान वर करून सगळ्या भिंतीकडं पाहिलं. मग पदर खोचला आणि सरळ जेसीबीपुढं जाऊन उभी राहिली.

“दादा, यंत्र परत न्या.”

“येडी झाली का?” नोहा धावत आला. “अन् नाताळ?”

“ह्या वर्षी नाताळ जुन्या घरातच. मग इटा हातानं उतरवू. मातीत बसवल्यात, अख्ख्या निघतील. नव्या भिंतीत ह्याच घालायच्या.” तिनं वीट त्याच्या हातात दिली. “ही तुमच्या आजीची बोटं.”

नोहानं ती उलटी केली. त्या बोटांवरून अंगठा फिरवला.

“गवंडी हसले तर?”

“हसू द्या. पालथ्याच घालायच्या.”

आबांनी त्याच्या हातातली वीट घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि काखेत धरून कब्रस्तानाच्या वाटेला लागले. दीनाच्या मातीला अजून उशाला दगड नव्हता.

“आबा, गाडीवर सोडतो की!” नोहा ओरडला. आबांनी मागं न बघता हात हलवला.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. आबा लिंबाच्या झाडापाशी वळले, दिसेनासे झाले. बोटांची माती पुसायची विसरून प्रार्थना ओट्यावर उभी होती, त्या वळणाकडं बघत.