ब्रोकनवर अनवाणी

सगळा घोळ एका जर्मन शब्दाने केला. मार्चमध्ये मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण प्राध्यापकांच्या हाती दिलं आणि रविवारच्या फोनवर आईला फुशारकीने सांगितलं, "आबगाबे झाली." आबगाबे म्हणजे काय, तिने विचारलं. "सुपूर्द करणं," मी म्हटलं. एकच प्रकरण सुपूर्द केलंय, हे सांगायचं राहिलं. राहिलं असं मी म्हणते. खरं तर तिचा आवाज इतका फुलला की मी गप्प बसले. संध्याकाळपर्यंत नाशिकच्या आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते. तिने फोटो पाठवले. त्या पेढ्यांपुढे माझी जीभ उचलेना.

जूनमध्ये आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आली आणि कळलं की नुसत्या पेढ्यांवर भागलेलं नाही. ती वणीच्या देवीला नवस बोलली होती, लेकीचा प्रबंध झाला की गड अनवाणी चढेन. आता गड काही सप्टेंबरपर्यंत गाठता येणार नव्हता आणि देवीला ताटकळत ठेवणं तिला पटत नव्हतं.

इन्स्टिट्यूटमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक जपानी बाई काम करते. शिकत असताना ती त्यांच्याकडच्या एका पवित्र डोंगरावर यात्रेकरूंची वाटाडी होती. रात्रभर चढायचं, शिखरावर सूर्योदय पाहायचा, अशी तिथली रीत. ती सवय काही सुटत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात ती आम्हा परदेशी मंडळींना इथून जवळच्या ब्रोकन डोंगरावर तशीच नेते. काठीला घंटा, एका ओळीत चाल, अर्ध्या तासाने पाच मिनिटं विसावा, आणि तिच्या पुढे कोणी जायचं नाही. तिच्यापुढे जर्मन लोक अघळपघळ वाटतात.

हे मी जेवताना सहज बोलून गेले. आईने घास ताटात ठेवला.

"वर कुठली देवी आहे?"

"देवी नाही गं. वर्षातून एकदा चेटकिणी जमतात म्हणे."

"चेटकीण म्हणजे जिची पूजा बंद पडली ती," आई म्हणाली. "मी येणार. डोंगर कुठलाही असो, देवी एकच."

पावसाचा अंदाज असल्याने बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं. रात्री अकराला डोंगराखालच्या वाहनतळावर आम्ही तिघीच होतो. आईने गडाच्या पायथ्याशी काढतात तसे बूट काढले, जोडीने कडेला ठेवले आणि वाटेला हात लावून नमस्कार केला. ते बूट मी मुकाट्याने माझ्या सॅकमध्ये भरले. वाटाडीने कपाळावरच्या दिव्याचा झोत आईच्या पावलांवर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. नवसाला जर्मन शब्द मला आजही माहीत नाही. देवीला दिलेला शब्द, असं काहीतरी मी सांगितलं.

"कशासाठी?"

"माझ्या आबगाबेसाठी."

माझ्या प्रबंधाचं घोडं कुठे अडलंय हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक माझे प्राध्यापक आणि दुसरी ही.

"या?" ती म्हणाली, म्हणजे 'हो का?'

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', मी म्हटलं आणि बुटाची नाडी उगाच पुन्हा बांधली.

तिने आईला वाकून नमस्कार केला, काठीची घंटा वाजवली आणि नेहमीपेक्षा निम्म्या चालीने निघाली. घंटा ऐकून आई "अंबे की जय" म्हणाली. वाटाडीनेही तिच्या डोंगरावरचं काहीतरी म्हटलं. दोघींचं असं छान चाललं होतं. मधे मी चोरासारखी.

दलदलीवरच्या लाकडी फळ्यांपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधल्या जुन्या सरहद्दीवरचा रस्ता लागला. तिथे गस्तीच्या गाड्यांसाठी टाकलेले काँक्रीटचे तुकडे आहेत, भोकाभोकांचे, आणि भोकांत खडी. आई एकेक पाऊल चाचपून टाकू लागली. दुसऱ्या विसाव्याला मी दिवा खाली धरला तर तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि ती ते साडीच्या काठाने हळूच टिपत होती. मला दिसू नये म्हणून. मला रडू फुटलं.

"आई, प्रबंध दिलाच नाहीये. एकच प्रकरण दिलंय. अजून चार आहेत."

वाटाडी पाठ करून दरीकडे बघत उभी राहिली. तिला मराठी येत नाही, पण त्या वेळी तिला सगळं कळलं असणार.

आईने साडीचा काठ सोडला. मग म्हणाली, "अख्ख्या गल्लीला पेढे वाटले मी." आणि थोड्या वेळाने, "सॅकमधून बूट काढ."

मी बूट दिले. तिने मोजे झटकून घातले, नाड्या आवळल्या आणि उठली. "आता ही नुसती सहल. चला." पुढे तिने एकदाही जयजयकार केला नाही. काठीची घंटा मात्र वाटाडीकडून सोडवून मागून घेतली आणि स्वतः वाजवत राहिली.

शिखरावर धुकं होतं. सूर्य कुठून उगवला हे वाटाडीने काठीने दाखवलं तेवढंच. तिथल्या थोराड दगडांच्या आडोशाला बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. आई गुडघे चोळत होती.

"डॉक्टर दिवाळीपासून मागे लागलेत, दोन्ही बदला म्हणून," ती म्हणाली. "मीच थांबवलंय. एकदा बदलले की अनवाणी गड व्हायचा नाही. म्हटलं, आधी तुझं होऊ दे."

मी हातातली दशमी डब्यात परत ठेवली.

"किती लागेल तुला? खरं सांग."

"एक वर्ष."

"म्हणजे दोन," आई म्हणाली. माझी लबाडी तिने इतक्या सहज हिशोबात धरली की मला हसू आलं, आणि मग हसूही आवरतं घ्यावं लागलं, कारण ती खरंच मनाशी काही ठरवत होती. "बरं. दोन तर दोन."

सप्टेंबरमध्ये ती परत गेली. सध्या माझं तिसरं प्रकरण चालू आहे. चालू आहे म्हणजे खरंच चालू आहे, शेजारच्या टेबलावरून अर्ध्या अर्ध्या तासाने डोकावून पाहिलं जातं. रविवारचा फोन अजून येतो, पण प्रबंधाबद्दल आई आता चकार शब्द काढत नाही. मीच विचारते, "गुडघे कसे आहेत?"

"थांबलेत," ती म्हणते.