खो-खोची टीम सोडलेली मुलगी

“मॅडम, आमची एक मुलगी गळाली. तुम्ही जरा बोलून बघा,” खेळाचे सर दारातूनच म्हणाले.

जिल्हास्तरीय खो-खो स्पर्धा तोंडावर आली होती आणि अकरावीतल्या आरतीनं नाव मागं घेतलं होतं. (हे तिचं खरं नाव नाही.) कारण लिहिलं होतं: घरच्यांची परवानगी नाही.

मी संभाजीनगरातल्या एका शाळेत आणि त्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर आहे. सल्ले देणं हे माझं काम, असं लोकांना वाटतं. खरं तर मी बहुतेक वेळ प्रश्न विचारते.

पडेगावला राहणाऱ्या तिच्या आईला फोन लावला. “आम्ही कशाला नाय म्हणू मॅडम? तिचे पप्पा तर अख्ख्या गल्लीला सांगून आलेत!”

मग नाही कोण म्हणालं? मला राहवेना.

आरती आली ती उजव्या मनगटाला क्रेप बँडेज बांधून. मी आधी माझा नियम सांगितला. इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण तुला धोका आहे असं दिसलं तर घरी आणि प्राचार्यांना सांगावं लागेल, तेही तुला सांगूनच.

“सरावात मुरगळलं,” ती म्हणाली.

सराव तिनं आठवड्यापूर्वीच सोडला होता. मी ते बोलून दाखवलं नाही. खोटं लगेच पकडलं की मुलं पुढचं खरं सांगत नाहीत. खेळात काय आवडतं, एवढंच विचारलं. पोलवर झेप घेण्याबद्दल ती पाच मिनिटं भरभरून बोलली. मग एकदम म्हणाली, “पण त्याला नाही आवडत. ग्राउंडवर सगळे बघतात म्हणतो.”

तो तिचा बॉयफ्रेंड, आमच्याच कॉलेजात बारावीला. तिच्या मोबाईलचा पासवर्ड त्याच्याकडं. कुणाशी बोलायचं, हेही तोच ठरवायचा.

“तो माझी लई काळजी करतो, मॅडम.”

“तू त्याला नाही म्हणालीस तर काय होतं?”

“मी म्हणतच नाय.” मग बँडेजवर हात ठेवून म्हणाली, “एकदाच म्हणाले. सायकल स्टँडपाशी.”

आरतीला सांगूनच मी तिच्या घरी कळवलं आणि प्राचार्यांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं. “मुलीला समज द्या. मोबाईल बंद करायला सांगा.”

“सर, मनगट तिचं मुरगळलं. समज पण तिलाच?”

तिकडं प्राचार्यांकडून कळताच खेळाचे सर मुलाला मैदानातच गाठायला निघाले होते. त्यांनाही थांबवलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. “बास झालं कॉलेज. सिल्लोडला मामाकडं ठेवते हिला.”

“ताई, मग ज्यानं हात पिरगाळला तो इथंच शिकेल आणि ही घरी बसेल.”

आईनं लेकीचं मनगट हातात घेतलं. मग हळूच विचारलं, “दुखतंय का गं?” आरती तेव्हा पहिल्यांदा रडली.

आम्ही सेफ्टी प्लॅन केला. म्हणजे कुठं, कधी, तिच्यासोबत कोण असेल याचा साधा कागद. सायकल स्टँडवर शिक्षकाची ड्युटी लागली. पासवर्ड तिनं माझ्यासमोर बदलला. मुलाच्या वडिलांना बोलावून प्राचार्यांनी बापलेक दोघांकडून लेखी घेतलं की तो तिच्या जवळ जाणार नाही.

मुलाशी मी वेगळं बोलले. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. “तिनं टीम सोडली तेव्हा कसं वाटलं?”

“बरं वाटलं.”

“किती दिवस?”

तो विचारात पडला. “दोन दिवस. मग वाटलं, वर्गात कुणाशी बोलत असेल?”

‘किती दिवस’ हे त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं. तो माझ्याकडं चार वेळा आला. मग वडिलांनी बोर्डाची परीक्षा पुढं करून त्याचं येणं बंद केलं. त्याच्यावर लक्ष ठेवणं मात्र आम्ही बंद केलं नाही.

आरतीची स्पर्धा हुकली. नावं पुढं गेली होती. मधे ती एकदा त्याच्याशी फोनवर बोललीही, आणि तिनंच येऊन मला सांगितलं. मी रागावले नाही. अशा नात्यातून पोरी एका दिवसात बाहेर पडत नाहीत. महिनाभरानं ती सरावाला परतली.

या प्रकरणात मी दोन मुलांना बोलतं केलं आणि तीन मोठ्यांना आवरलं. जास्त वेळ या दुसऱ्या कामात गेला.