साधं पिवळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही — तिथे हात जोडून मी भलतंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांचे नंबर, देवांची नावं, स्कूलबसच्या पट्ट्या, काय हवं ते. दुकान मूळ वडिलांचं. त्यांनी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसवली होती: चमकणारी पट्टी लावली की शटर अर्धं ओढायचं, मोठी गाडी असली तर वर ताडपत्री टाकायची आणि टॉर्च कानाशी धरून बघायचं. कानाशीच — कारण ती पट्टी उजेड जिथून येतो तिथेच परत पाठवते. टॉर्च कमरेशी धरली तर दिसणार काय, कप्पाळ? असं बघितल्याशिवाय मी एकही गाडी सोडत नसे. त्याचा मला केवढा तोरा होता!

मग त्या वर्षी काय झालं?

दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सगळ्या म्हैसूरला आपली गाडी नवीकोरी दिसायला हवी असते. दुकानापुढे ही रांग. त्यात सिद्दराजू आला. एका छोट्या ट्रस्टची ॲम्ब्युलन्स चालवायचा, सज्जन माणूस. माझ्या सासूबाईंना दोनदा त्यानेच दवाखान्यात पोचवलं होतं. मागच्या दारांवरची लाल-पिवळी पट्टी उडाली होती, ती बदलून हवी होती. माझा चमकणारा रोल संपलेला, आणि माल देणारा सणासाठी गावी गेलेला. चार दिवसांनी ये, एवढंच म्हणायचं होतं. का म्हणाले नाही? तो समोरच्या दुकानात गेला असता — हे मला बघवलं नसतं. बस, एवढंच कारण.

मी साधा, न चमकणारा चिकटकागद लावला. दिवसा दोन्ही सारखेच दिसतात. साधा पिवळा तर जास्तच उठून दिसतो. सण झाला की बोलावून बदलू, असं मनाशी म्हटलं. ताडपत्री काही टाकली नाही.

त्याने विचारलं, "रात्री होळेयुत्तल्वा, अक्का?" चमकेल ना रात्री?

"होळेयुत्ते," मी म्हणाले.

सण झाला. मी त्याला बोलावलं नाही. विसरले होते का? — नाही. आज करू, उद्या करू. तो दुकानावरून जाताना हॉर्न वाजवायचा आणि मी हात वर करायचे.

थंडीत एका पहाटे तो बैलकुप्पे गावाजवळ पेशंटला घरी सोडून परत येत होता. रस्त्यावर दाट धुकं. गाडीचं वायरिंग जळालं, इंजिन बंद, सगळे दिवे गेले. अशाच वेळेसाठी तर ती पट्टी असते. सिद्दराजू मागून एकटाच गाडी कडेला ढकलत होता. मागून लॉरी आली. तो जागीच गेला.

लॉरीचा ड्रायव्हर नागण्णा. त्याने पोलिसांना सांगितलं की समोर काहीच चमकलं नाही. म्हणून पोलीस माझ्याकडे आले. माझ्या बिलावर 'रिफ्लेक्टिव' असंच लिहिलेलं होतं. मी म्हणाले, माल ओरिजिनल आहे, मी स्वतः लावलाय. ठाण्याच्या आवारात चेपलेली गाडी उभी होती आणि भर उन्हात पिवळं कसं झळकत होतं! कुणी कानाशी टॉर्च धरली नाही. नागण्णाला डुलकी लागली असणार, असं ठरलं. त्याला शिक्षा झाली.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही वाटलं होतं.

गेल्या महिन्यात भर दुपारी एक माणूस सायकल घेऊन आला. मागच्या मडगार्डला चमकणारी पट्टी हवी होती, चांगली. माझ्या दुकानाचं नाव कोर्टात ऐकलं होतं म्हणाला, आणि मी ओळखलं. नागण्णा. आता लॉरी चालवत नाही, राईस मिलमध्ये पोती उचलतो. दोनदा डोळे तपासून घेतले म्हणे. डॉक्टर म्हणतात काही दोष नाही, पण त्याचा विश्वास बसत नाही. मुलाला स्कूटरवर मागे बसवायचीसुद्धा भीती वाटते.

मी पट्टी लावली. अस्सल. शटर अर्धं ओढलं आणि टॉर्च त्याच्या हातात दिली, कानाशी धरायला सांगितली. पट्टी लख्ख पेटली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढं मोठं समोर होतं, अक्का, आणि मला दिसलं नाही."

मी शटर वर केलं. तो सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही.

त्याचे डोळे चांगले आहेत. हे मला माहीत आहे, आणि त्याला मी सांगितलेलं नाही.