टोकं वाढवणारं औषध

मला राग लवकर येतो. म्हसळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि खडू फेकून मारणारी मॅडम म्हणून तालुक्यात माझं नाव आहे. तो राग तासाबरोबर संपतो. मावशीच्या खिडकीत ती बाटली दिसली त्या दिवशीचा राग मात्र अजून माझ्या अंगात आहे, आणि तो नेमका कोणावर काढायचा हे मला आजही धड ठरवता आलेलं नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्याच कोळीवाड्यात दोन घरं सोडून राहते, खळ्यावर जवळा सुकवते आणि बाजाराच्या दिवशी सुकट घेऊन म्हसळ्याला येते. दिवाळीनंतर तिच्या छातीतली गाठ काढली. रिपोर्ट कॅन्सरचा आला. मुंबईच्या हॉस्पिटलात सहा केमो सांगितल्या. मावशी त्यांना सलाइन म्हणते. पहिल्या दोन सलाइनींना मी बरोबर गेले. तिसरीची तारीख हॉस्पिटलनेच पुढे ढकलली असं तिने सांगितलं आणि मी मान डोलावली. मावशी खोटं बोलत नाही असा माझा समज होता.

त्या दिवशी मी तिच्याकडे कालवणाचा डबा द्यायला गेले होते. खिडकीत, आरशाला टेकून, पांढरी बाटली. बाटलीवर निळं गुणसूत्र आणि त्याच्या चारही टोकांना सोनेरी टोप्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: गुणसूत्रांची टोकं वाढवा, आयुष्य वाढवा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"टोकांचं औषध," मावशी पदर डोक्यावरून पुढे ओढत म्हणाली. दुसऱ्या सलाइननंतर तिचे केस गेले होते आणि घरातसुद्धा ती डोकं झाकूनच बसायची. "तुझाच पोरगा घेऊन आला व्हता गो. तुझ्या वर्गातला. तू शिकवलंस तसंच सांगत व्हता, त्या सारवण्याचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तारीख कोणी पुढे ढकलली नव्हती. मावशीनेच जायचं सोडलं होतं. सलाइनीने केस गेले, तोंड आलं, अंगातलं बळ गेलं. त्या मुलाने सांगितलं की सलाइनीमुळे टोकं झपाट्याने झिजतात, ती पुन्हा वाढवायला हव्यात या गोळ्या. आणि मावशीला ते पटलं. मला इतका संताप आला की मी तो डबा तिच्या ओट्यावर आदळला. झाकण उडालं, कालवण सांडलं. पुसलंही तिनेच.

त्या मुलाला मी ओळखत होते. आमच्याच गावचा. बारावी होऊन सातआठ वर्षं झाली असतील. मध्ये न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कारकुनी करत होता, ती सोडून परत आला होता. वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि प्रश्न विचारायचा. सारवण्याचं उदाहरण मी त्याच्याच वर्गात पहिल्यांदा दिलं होतं, आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले होते.

एका पेशीच्या दोन पेशी व्हायची वेळ येते तेव्हा ती आधी आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करते. नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या मनाने कुठूनही सुरुवात करू शकत नाही. त्याला पाय टेकायला आधी एक छोटा तुकडा लागतो, आणि तो नंतर काढून टाकला जातो. पुस्तक इंग्रजीत, मुलं कोळ्यांची, शेतकऱ्यांची, आखातात गेलेल्या बापांची. फळ्यावर बाण काढून काढून माझा हात दुखला, तरी कोणाच्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा मी म्हटलं, तुमची आई खळं सारवते ना? मागे मागे सरकत येते ना? सगळं सारवून होतं, पण कोपऱ्यात अडकली तर तिच्या पायाखालची जागा राहते की नाही? तसंच गुणसूत्राच्या शेवटी होतं. पाय टेकलेली जागा नकलेत उतरत नाही. दर वेळी टोक जरा आखूड. म्हणून त्या टोकांवर डीएनएची तीच ती सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात, झिजलं तर ते झिजावं, आतल्या कामाच्या मजकुराला धक्का लागू नये. नायलॉनच्या दोरीचं टोक आपण लायटरने वितळवून बंद करतो ना, पीळ सुटू नये म्हणून? ते टोक म्हणजे टेलोमिअर. फार झिजलं की पेशी विभागायची थांबते.

वर्ग हसला, समजलं. तेव्हा याच मुलाने हात वर केला. "मॅडम, मग टोकं परत वाढवता नाही का येत?"

येतात. काही पेशींकडे त्यासाठी वेगळं विकर असतं. आणि बहुतेक कॅन्सरच्या पेशी तेच विकर चालू करून घेतात, म्हणून त्या थांबायचं नावच घेत नाहीत. एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण माझा पोर्शन मागे पडला होता. मी म्हटलं, "वाढवता येतात, पण ते परीक्षेला येत नाही. पुढे लिहा."

तर हे 'वाढवता येतात' घेऊन पोरगा बाहेर पडला होता.

पुढच्या रविवारी मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात त्याचा या गोळ्या खपवायचा कार्यक्रम आहे असं कळलं. मी ठरवूनच गेले. उभं राहायचं, सगळ्यांसमोर त्याचे वाभाडे काढायचे आणि मावशीला हाताला धरून घरी आणायचं. मावशी दुसऱ्या रांगेत बसली होती. सभागृह भरलेलं. अर्ध्या बायका माझ्या नात्यातल्या, काही मोहल्ल्यातल्या, मागे मुंबईहून सुट्टीला आलेले दोघं-तिघं. पोराने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो बोलत होता ते, देवाशपथ, चांगलं बोलत होता. माझे बाण, माझं खळं, माझी दोरी. माझी थांबायची ठिकाणंसुद्धा त्याने उचलली होती. मी शेवटच्या रांगेत दात-ओठ खात बसले होते, तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली.

"माझ्या मॅडम आल्यात!" तो माईकवर ओरडला. धावत मागे आला, माझ्या पाया पडला. मला काही कळायच्या आत दोघींनी मला हाताला धरून पुढे नेलं.

"मॅडम, एवढंच सांगा. पेशी नक्कल करते तेव्हा दर वेळी टोकं झिजतात का?" त्याने माईक माझ्या हातात दिला.

"झिजतात," मी म्हटलं. "पण..."

"मॅडमसाठी टाळ्या!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, दुसऱ्याने हातात नारळ दिला. माईक कधी गेला कळलं नाही. चाळीस पोरांचा वर्ग एका आवाजात गप्प करणारी मी, हातात नारळ धरून फोटोला उभी राहिले. त्या वेळी मी ओरडू शकले असते. नारळ खाली ठेवून बोलू शकले असते. पण सगळं गाव माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं, आणि खरं सांगायचं तर घटकाभर मला ते आवडलं. वीस वर्षांत माझ्या शिकवण्याला कोणी टाळी वाजवली नव्हती. मग तो मुलगा पुढे बोलू लागला आणि मी शालीसकट खुर्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत फोटो गावभर फिरला. मी, शाल, नारळ, आणि माझ्या कोपराशी ती पांढरी बाटली, जी तिथे कोणी आणि कधी धरली याचा मला पत्ताही नव्हता. मावशीने मला तो फोनवर दाखवला, कौतुकाने.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं, खुनी म्हटलं. लोक बघत होते. तो गोरामोरा झाला. "मॅडम, माझी आईपण घेते," तो म्हणाला. "खोटं असतं तर तिला दिलं असतं का?" मी म्हटलं, कॅन्सर झालेल्या बाईला टोकं वाढवायची गोळी देतोस, तुला कळतं का काय करतोस ते? गोळी थापेची असेल तर तिचा वेळ जातोय. आणि खरी असली तर तिच्या अंगातल्या त्या पेशींनाच खाऊ घालतोयस! तो माझ्याकडे बघतच राहिला. कॅन्सरच्या पेशी टोकं वाढवतात हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. "हे तुम्ही आम्हाला नव्हतं शिकवलं," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, साधंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण पोरगा बरोबर बोलत होता.

तिथून मी थेट मावशीकडे आले. नवी तारीख पुढच्या मंगळवारची मिळत होती. ती चुकली तर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागतील असं हॉस्पिटलातून फोनवर सांगितलं होतं. मावशी खळं सारवायला बसली होती. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला, त्याने जोर द्यायला डॉक्टरांनी बंदी केलेली, तरी बाई शेणाच्या घमेल्यात हात घालून बसली होती. मी तिला उठवून बाजूला बसवलं आणि मीच सारवायला घेतलं. वाईट सारवलं. ती बघत होती आणि मी बोलत होते.

मी तिला सगळं सांगितलं. पेशी नक्कल कशी करते, टोक का झिजतं, झिजल्यावर पेशी का थांबते, आणि थांबणं चांगलं कसं. तुझ्या गाठीतल्या पेशी थांबत नाहीत, त्या आपली टोकं आपणच वाढवून घेतात, म्हणून ती गाठ. गाठ काढली तरी त्यातल्या काही अंगात राहिल्या असतील, त्यांच्यासाठी सलाइन. सलाइन अंगात जाते ती नक्कल करणाऱ्या पेशींना गाठते, नक्कल चालू असतानाच त्यांना मोडते. ज्या पेशी सारख्या नक्कल करतात त्या आधी सापडतात. गाठीच्या सापडतात, पण केसांच्या मुळांशी असलेल्या पेशीही रात्रंदिवस तेच काम करतात, तोंडातल्यासुद्धा. म्हणून केस गेले, म्हणून तोंड आलं. टोकं संपली म्हणून नव्हे. केस परत येतील, मावशी.

 तिने विचारलं, "केस का गेले ह्ये तुला कवापासून ठाव हाय?"

"म्हणजे?"

"मी तुझ्यासमोर उशीवरचे केस गोळा करत व्हते. रडत व्हते. तवा ठाव व्हता?"

"हो."

"मंग तवाच का न्हाय सांगलास?"

मी पुन्हा घमेल्यात हात बुडवला. उत्तर होतं. मला वाटलं होतं, हिला काय कळणार. हॉस्पिटलातल्या त्या पोरसवदा डॉक्टरने कागदावरून नजर न उचलता 'केस जातील, चालतं' एवढंच म्हटलं तेव्हा मी बाहेर येऊन त्याला शिव्या दिल्या होत्या, आणि घरी आल्यावर मीही तिला तेच सांगितलं होतं, केस जातात गं, चालतं. आयुष्यभर जे शिकवून मी पगार घेतला ते घरातल्या एका बाईला सांगायचं मला सुचलं नाही.

माझं तोंड बघून तिला काय ते कळलं असावं. तिने हात धुतले, घरात जाऊन बाटली आणली आणि माझ्या हातात दिली.

"मंगळवारी जाते," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. "सकाळच्या पहिल्या गाडीने निघू. मी रजा टाकते."

"तू नको येऊस. त्या पोराला सांग यायला."

मी भडकले. तो? ज्याने तुझी तारीख चुकवली तो? दोन्ही वेळा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, उलटीचं भांडं कोणी धरलं होतं? मी ओरडत होते आणि शेजारच्या बायका दारात आल्या होत्या. मावशी अजिबात चढ्या आवाजात बोलली नाही.

"त्यानं खोटा सांगला," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर मांडी घालून बसला नि तासभर सांगत व्हता. मला कळंल असं त्याला वाटलं व्हता."

मंगळवारी सकाळी तो तिची पिशवी घेऊन स्टँडवर उभा होता. मी डबा देऊन परत फिरले.