कोरडी वंदना

दीक्षा घेतली त्या वर्षी आनंदाने मला झोप लागत नसे. परळच्या आमच्या खोलीतले देव आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, समुद्रात सोडले आणि त्या जागी बुद्धाची तसबीर लावली. चाळीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच. त्यामुळे दर रविवारी त्यांना वंदना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी ते मोठ्या तोऱ्यात घेतलं. पाली शब्द म्हणताना तेव्हा अंगावर काटा यायचा.

तो यायचा कधी थांबला ते कळलं नाही. भांडण नाही, शंका नाही, काही घडलंच नाही. पडसं झाल्यावर जेवणाची चव जाते, तशी वंदनेची गेली. बाहेर सगळं गिरणगाव संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटलेलं. आबा सभांहून घसा बसवून यायचे. मीही मोर्च्यात जाऊन घोषणा दिल्या. घसा दुखला, बाकी काही नाही. एक भन्ते आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, श्वासाकडे लक्ष दे. मी लक्ष दिलं आणि मला झोप लागली. रविवार मात्र चुकवला नाही. तोंड आपलं चालत राहिलं.

आणि एका रविवारी ते भलतीकडेच चालू लागलं. मेणबत्ती लावलेली, बायका हात जोडून बसलेल्या. तिसऱ्यांदा शरण जाता जाता माझ्या तोंडून जुनी आरती सुरू झाली, लहानपणी घरात म्हणायचो ती. मला पत्ताच नाही. बायकांनी तर ती झेलली आणि टाळ्या धरल्या. इतक्या जोरात त्या वंदना कधी म्हणत नसत. एक कडवं पुरं झालं तेव्हा मला दारात आबा दिसले. ते रागावले नाहीत. चपला काढून खाली बसले आणि बसलेल्या घशाने वंदना पहिल्यापासून म्हणू लागले. मी खाली मान घालून त्यांच्यामागून म्हटली. लाज वाटायला हवी होती, तीसुद्धा वाटली नाही, आणि मग मात्र मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती. तिला सांगून टाकलं, "मी आता वंदना घेणार नाही. मला काहीच वाटत नाही गं."

"मला बी कवा वाटलं न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं, ती वंदनेबद्दल बोलतेय. पण ती देवांबद्दल बोलत होती. लग्न होऊन आल्यापासून तिने रोज दिवा लावला होता, सांज झाली की लावायचा म्हणून. आणि मी इतके दिवस समजत होते, की आम्ही तिचे देव हिसकावून घेतले. त्यापायी तिच्याशी जरा जपूनच बोलत होते.

"कधीच नाही वाटलं?"

"येकदा." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुझ्या बानं द्येव सोडाया मागितलं तवा. हातातनं सुटंनात. मोरीत जाऊन रडले." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "मागारी नगंत मला. त्यांनी कवा आपल्याला जवळ केलं? पर काय व्हतं, ते गेल्यावर कळलं."

आबांना यातलं काही सांगू नकोस, असं बजावून तिने माझ्या ताटात भाकरी टाकली.

रविवारी मी बायकांपुढे जाऊन बसले. त्या दिवशी काही वाटलं नाही. पुढेही पुष्कळ वर्षं वाटलं नाही. वंदना मी अजून रोज म्हणते. सोडली तर मोरीत जाऊन रडावं लागेल, याची मला भीती वाटते.